दुकान कुणाच्या जागेत

“…मग दोन्हीतलं कुठलं, एवढं तरी सांगा.”

हा प्रश्न माताजींना होता.

ऋजुता दारातच उभी होती. हातात मोबाइल, केस अजून ओले. नुकतं उजाडलं होतं. बाहेर फाटकापाशी माताजींना निरोप द्यायला गाव जमू लागलं होतं. थोड्या वेळात त्या पुढच्या गावाच्या रस्त्याला लागतील आणि आपला प्रश्न इथंच लोंबकळत राहील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“मी काहीतरी विचारलं, माताजी.”

“ऐकलं.”

“मग?”

“धंद्याचं मी सांगत नाही, बाळ.”

हेच. आल्या दिवसापासून हेच.

आर्यिका सुव्रतमती माताजी म्हणजे दिगंबर जैन साध्वी. अंगावर एक पांढरी साडी, हाताशी कमंडलू आणि मोरपिसांची पिच्छी. याखेरीज जवळ काही नाही. चालत येतात, चालत जातात. दिवसातून एकदा जेवतात आणि पाणीही तेव्हाच पितात. बोरगुंडीच्या मंदिरात फरशीचं काम निघालं होतं, म्हणून त्यांच्यासाठी ऋजुताच्या घरामागची पॅकिंगची खोली रिकामी केली होती. डबे, पिशव्या, वजनकाटा सगळं पडवीत आलं. खोलीत राहिली एक लाकडी फळी आणि एक चटई.

ऋजुतानं हौसेनं टेबलफॅन आणून ठेवला होता. तो कुणी लावला नाही.

पडवीत बायकांचं काम कसंबसं चाललं होतं. कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. सांगलीच्या कॉलेजातून पदवी घेऊन ऋजुता गावी आली, ती हा गट उभा करायचा हे डोक्यात घेऊनच. लसूण-कांदा न खाणारी घरं पुण्यात आहेत, बेळगावात आहेत, पार बंगळुरूपर्यंत आहेत, आणि त्यांना आपल्या चवीची चटणी कुठं मिळत नाही, हे तिनं हेरलं. तिचं हेरणं खरं निघालं. गिऱ्हाईक असं चिकटलं की दर महिन्याला त्याच माणसांचे फोन.

पण सगळं फोनवर. कुणी भल्या पहाटे ऑर्डर सांगे, कुणी पत्ता अर्धाच पाठवी. बार्शीचं पार्सल बेळगावला जाई आणि बेळगावची बाई ऋजुताला तासभर धर्म शिकवी. पैसे आले की नाही हे बघण्यात दुपार जाई, आणि भाकऱ्या तशाच पडून राहत. कंटाळून गटातल्या दोघी सूतगिरणीत जायला लागल्या होत्या. बाकीच्यांचे पायही तिकडंच वळत होते. ऑनलाइन दुकान लवकर उभं राहिलं नाही, तर गट मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुकान कुठं थाटायचं, एवढाच प्रश्न.

इंटरनेटवर अशा तयार जागा मिळतात. आपण फक्त भाडं द्यायचं आणि माल मांडायचा. ऋजुतानं बऱ्याच धुंडाळल्या आणि शेवटी दोन उरल्या. एकीचं नाव सुलभहाट, दुसरीचं ओसरी.

तिचं मन सुलभहाटवर बसलं होतं. पण खातं गटाच्या नावानं उघडायचं होतं, गटाची अध्यक्ष राजाक्का होती, आणि ओटीपी यायचा तो राजाक्काच्या बटणांच्या फोनवर. तो फोन राजाक्काच्या कमरेच्या पिशवीत, आणि पिशवीला गाठ.

“माताजींनी हूं म्हटल्याबिगर मी आकडा सांगायची न्हाई,” असं राजाक्कानं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं.

बोरगुंडीतल्या मोठ्या माणसांचं हे असंच. जन्मात ज्यांनी ऑनलाइन एक रुमाल मागवला नाही, त्यांनी ठरवायचं की वेबसाइट कुठली. आणि तेसुद्धा स्वतः नाही. ते विचारणार तिला, जिला रुपयाला हात लावायचीही मुभा नाही.

माताजी बोलेनात, तेव्हा बायकांनी खुणा शोधायला सुरुवात केली. सुलभहाटचं नाव निघालं तेव्हा माताजींनी डोळे मिटले, असं गटातल्या कलाबाईचं म्हणणं. म्हणजे नको. दुसरी म्हणाली, छे, डोळे मिटले म्हणजे समाधान. ओसरीचं नाव निघालं तेव्हा माताजींनी मान डावीकडं वळवली, आणि डावीकडं तर चूल होती. मग चुलीचा अर्थ काय, यावर दोन दिवस खल चालला. डोळे डासामुळं मिटले होते, आणि मान वळवली कारण चुलीवरची भाकरी जळत होती, असं ऋजुतानं ओरडून सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही.

“शिकलीस, पर खूण वाचाय शिकली न्हाईस,” राजाक्का म्हणाली.

आणि सुलभहाटची सवलत आज दुपारी संपत होती. पहिलं वर्ष फुकट. दुपारनंतर नाही.

म्हणून ती आता इथं, या दारात उभी होती. तिला खरं तर उत्तर नकोच होतं. शिक्का हवा होता.

“एक शब्द,” ती म्हणाली. “सुलभहाट म्हणा, नाहीतर ओसरी म्हणा. तुमचं काय जातं?”

माताजींनी तिच्याकडं पाहिलं. शांतपणे.

त्या शांतपणाचाच तिला संताप आला.

“आमच्या धंद्यातला घास तुम्हाला चालतो,” ती म्हणाली. “धंद्याचा शब्द तेवढा चालत नाही?”

बोलून गेल्यावर तिचेच कान गरम झाले. पण शब्द मागं घ्यायची तिला सवय नव्हती.



“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “घास चालतो. म्हणून तर दिवसातून एकदाच घेते.”

माताजी भांडतील, रागावतील, निदान उपदेश तरी करतील, अशी ऋजुताची तयारी होती. मान्य करतील याची नव्हती.

बाहेरून कुणीतरी हाक दिली. माताजींसोबत चालणाऱ्या दोघी ब्रह्मचारिणी फाटकापाशी तयार होत्या. चैत्राचं ऊन वर आलं की डांबरी रस्ता अनवाणी पायांना चटके देतो. शिवाय पुढच्या गावी वेळेत पोचलं, तरच तिथं आहार. वेळ टळली की उपवास, पाण्यासकट, थेट दुसऱ्या दिवसापर्यंत.

माताजींनी फळीच्या कडेला ठेवलेल्या पिच्छीकडं हात नेला.

त्याआधी ऋजुतानं ती उचलली.

कसं झालं, तिचं तिला कळलं नाही. हात पुढं गेला आणि मोरपिसांचा तो जुडगा तिच्या मुठीत होता. हलका. वाटला होता त्याहून कितीतरी हलका.

जैन घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पिच्छीवाचून साध्वी चालू शकत नाहीत. बसायच्या आधी, उठायच्या आधी, पाऊल टाकायच्या आधी जागा पिच्छीनं झाडून घ्यायची, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. पिच्छी नाही, तर वाट नाही. आणि ती परत मागायची, तर मागणं त्यांच्या व्रतात बसत नाही.

माताजींनी पुढं नेलेला हात हळूच मांडीवर ठेवला.

“दोन मिनिटं,” ऋजुता म्हणाली. तिनं आवाज चढवला. “दोनच मिनिटं नीट ऐकून घ्या. मग जा.”

“ऐकते. आता ऐकण्यावाचून मी काय करणार?”

त्यात टोमणा होता की नुसतं खरं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

ऋजुतानं पिच्छी काखेत धरली आणि मोबाइल उघडला. मग ती बोलत सुटली. ओसरीवर सगळं आपलं आपण करायचं, हे तिनं सांगितलं. फोटो आपण काढायचे, दर आपण मांडायचे, कुरिअरवाला आपण गाठायचा. दर महिन्याला भाडं, पहिल्या दिवसापासून. दुकानाचं रूप म्हणाल तर सरकारी कचेरीसारखं. त्यांची एकच फुशारकी: सोडून जायचं झालं, तर आपलं सगळं सामान, गिऱ्हाइकांच्या नावापत्त्यांसकट, केव्हाही उचलून न्यायचं. पण बांधायच्या आधीच मोडायच्या गोष्टी कोण बोलतं?

सुलभहाटचं तसं नव्हतं. तिथं त्यांचीच माणसं फोटो काढून देणार, जाहिरात करणार, पार्सल दारातून नेणार. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तेच बोलणार. म्हणजे बेळगावच्या बाईचा धर्मही आता त्यांनीच ऐकायचा. आपण फक्त भाकरी थापायची.

“गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते त्यांच्याकडं राहणार, आपल्याला दिसणार नाहीत, एवढंच,” ती म्हणाली. “आम्ही तेही विचारलं. त्यांनी लिहून दिलंय.”

तिनं पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं.

“काळजी नसावी. तुमची गिऱ्हाइकं आमच्याकडे सुरक्षित आहेत.”

माताजी ऐकत होत्या. ताठ बसलेल्या, हात मांडीवर. भिंतीवरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यांच्या पावलांच्या अलीकडं थांबला होता. तो पुढं सरकत होता.

“सांगा आता,” ऋजुता म्हणाली.

काही नाही.

“मान तरी हलवा.”



बाहेरची कुजबुज वाढली. कुणीतरी कुणाला म्हणालं, आत काय चाललंय बघा तरी. पैंजणांचा आवाज आला, चपला काढल्याचा आवाज आला, आणि राजाक्का दारात उभी राहिली.

तिनं आधी माताजींना पाहिलं. मग फळीची रिकामी कडा. मग ऋजुताची काख.

“अगं बया…”

एवढंच म्हणून राजाक्का उंबऱ्यावरच खाली बसली.

“दे ती,” ती म्हणाली.

“देते. माझं बोलणं होऊ दे.”

“ऋजे, दे म्हणते न्हवं का. ऊन चढाय लागलंय. त्यांचा घास चुकंल आज तुझ्यापायी.”

खरं तर ऋजुतानं तेव्हाच द्यायची. तिला ते कळत होतं. पण राजाक्कानं ‘दे’ म्हटलं, आणि त्याच क्षणी देणं अशक्य झालं. लहानपणापासून या बाईनं तिला जे जे म्हणून सांगितलं, त्याच्या बरोबर उलट करूनच ती इथवर पोचली होती.

“तुम्ही माझा ओटीपी पिशवीत बांधून बसलात, ते चालतं?” ती म्हणाली.

“त्याची आन् हिची बरोबरी करतीस?”

“मी काय चोरून नेतेय का? पळून चाललेय का कुठं?” ऋजुताचा आवाज आता फाटकापर्यंत जात होता, आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. “एवढं घाबरायचं काय त्यात? इथंच तर आहे. माझ्याकडं सुरक्षित आहे.”

वाक्य तोंडाबाहेर पडलं…

आणि ती थांबली.

तिनं मोबाइलकडं पाहिलं. पडद्यावर अजून तीच ओळ होती. तिनं काखेतल्या पिच्छीकडं पाहिलं. मग माताजींकडं.

माताजी तशाच बसल्या होत्या. त्यांना या खोलीत कशाचीही कमतरता नव्हती. फळी होती, चटई होती, पंखासुद्धा होता. दार सताड उघडं होतं. बाहेर रस्ता होता, रस्त्यावर माणसं ताटकळत होती. कुणी त्यांना बांधलं नव्हतं. कुणी कडी लावली नव्हती.

उन्हाचा पट्टा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर चढला होता.

ऋजुता गुडघे टेकून खाली बसली. पिच्छी दोन्ही हातांवर आडवी घेऊन तिनं पुढं धरली.

“घ्या,” ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, “माझं चुकलं.”

माताजींनी पिच्छी घेतली. ना घाईनं, ना सावकाश. रोज घेतात तशी. समोरची जमीन झाडली, उठून उभ्या राहिल्या, पुन्हा झाडली, एक पाऊल टाकलं.

राजाक्कानं डोळ्यांना पदर लावला. मग तोच पदर कमरेशी नेऊन ती पिशवीची गाठ सोडू लागली. बहुधा तिला वाटलं, आता भांडण मिटलं, तर आकडाही देऊन टाकावा. तिनं फोन काढून ऋजुतापुढं धरला. ऋजुतानं तो घेतला नाही.

तेवढ्यात ऋजुताचा स्वतःचा फोन वाजला.

सुलभहाटचा माणूस. आठवडाभर रोज बोलत होता. गोड आवाजाचा, कधी न कंटाळणारा पोरगा. राजाक्काचं नाव त्याला पाठ होतं. तिच्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा तो करायचा.

माताजी उंबऱ्याशी पोचल्या होत्या. राजाक्का बाजूला सरकली. पण त्या थांबल्या. का थांबल्या, ते त्यांनाच ठाऊक.

ऋजुतानं आपला फोन उचलला. पोरगा म्हणाला, मॅडम, दुपारपर्यंतच बरं का, मी तुमच्यासाठी साहेबांना सांगून ठेवलंय. ती त्याला मध्येच तोडत म्हणाली, एकच विचारायचंय.

“उद्या आम्हाला तुमच्याकडून जायचं झालं, तर आमची गिऱ्हाइकं आमच्याबरोबर येतील का?”

पलीकडं तो हसला. वाईट हसला नाही. खरोखरच त्याला गंमत वाटली असावी.

“पण जायचं कशाला, मॅडम? आम्ही आहोत ना.”

“जायचं झालं तर, म्हणतेय.”

“अजून तरी कुणी गेलेलं नाही, मॅडम.”

तिनं फोन कानापासून खाली घेतला. तो अजून बोलत होता, आवाज मुठीतून बारीक येत होता. राजाक्काच्या गुडघ्यांबद्दलच काहीतरी. ती अंगठा लाल बटणाजवळ नेऊन तशीच राहिली. डोळ्यांपुढं एका बाजूला सूतगिरणीच्या फाटकातून आत जाणाऱ्या बायका दिसत होत्या. दुसऱ्या बाजूला महिन्याचं भाडं, कुरूप दुकान, कुरिअरवाल्याच्या मागं धावणं, बेळगावची बाई. सगळं पुन्हा तिच्याच डोक्यावर.

तिनं बटण दाबलं. आवाज थांबला.



“ओसरीचा आकडा ह्याच फोनवर येतो न्हवं?” राजाक्कानं विचारलं. तिनं फोन अजून पुढं धरलेलाच होता.

ऋजुतानं मान हलवली. पण तिची नजर माताजींवर होती. आत काहीतरी टोचत होतं. फोनवरच्या त्या पोरावर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं, आणि का कोण जाणे, स्वतःवरही.

“ते लोक वाईट नाहीत, माताजी,” ती म्हणाली. “खरंच चांगले आहेत.”

“असतील.”

माताजींनी उंबऱ्याबाहेरची फरशी पिच्छीनं झाडली. फाटकापाशी माणसं हात जोडून उभी राहिली. ऊन पायरीपर्यंत आलं होतं.

त्या वळल्या.

“तूही चांगलीच आहेस, बाळ,” त्या म्हणाल्या. “पिच्छी तुझ्या हातात होती तोवर मला ते ठाऊक नव्हतं.”